दोन मुठींचा क्रूस

३ फेब्रुवारी

आदरणीय आत्या,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक प्रार्थनाखोली आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स, तिन्ही पंथांची मंडळी ती आलटून पालटून वापरतात.

२. समोरच्या कोनाड्यात उभ्या आसावर फिरणारा लाकडी क्रूस आहे. त्याच्या एका बाजूला येशूची मूर्ती आहे, दुसरी बाजू रिकामी. कॅथलिकांच्या उपासनेला, म्हणजे मिस्सेला, मूर्ती पुढे असते, प्रोटेस्टंट उपासनेला रिकामी बाजू. फिरवण्यासाठी पुढे एक आणि मागे एक, अशा दोन मुठी आहेत.

३. शनिवारी संध्याकाळी ऑर्थोडॉक्स मंडळी आपलं चित्र घेऊन आली. चित्र मांडायला जागा व्हावी म्हणून त्यांनी क्रूस अर्धा फिरवून ठेवला. समोरून त्याची फक्त कड दिसत होती.

४. रविवारी सकाळी मिस्सेचे फादर उशिरा येणार असं कळलं. मिस्सेची तयारी करणाऱ्या काकांना वाटलं, तोवर प्रोटेस्टंटांनी उपासना उरकून घ्यावी. ते मागच्या दाराने आले आणि रिकामी बाजू पुढे आणायला मूठ ओढू लागले. त्याच वेळी प्रोटेस्टंट मंडळीतले, एक्स-रे विभागात काम करणारे काका पुढच्या दाराने आले. त्यांना वाटलं, पहिला मान मिस्सेचा. त्यांनी मूर्ती पुढे आणायला दुसरी मूठ ओढली.

५. कोनाडा अरुंद आहे. दोघे एकमेकांना दिसले नाहीत. दोघांनाही वाटलं, आस गंजलाय. दोघांनी जोर वाढवला. खीळ वाकली, बेअरिंग जाम झालं, क्रूस अर्ध्यावर अडकला.

६. प्रशासनाने 'दोन पंथांत वाद' अशी नोंद केली आहे. ती चूक आहे. वाद झाला नाही. सौजन्य झालं.

मी इथे देखभाल विभागात मेकॅनिकल इंजिनिअर आहे. लिफ्ट, दारं, पंप आणि आता हा क्रूस माझ्याकडे आहे. मूर्तीच्या मागे तुमच्या मठाचं नाव कोरलेलं आहे, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. मला दोन गोष्टी हव्यात. एक, मूर्तीचं वजन. दोन, क्रूसावर मूर्ती का लागते, याचं तुमच्या बाजूचं उत्तर. नऊ मेला त्या खोलीत एक लग्न आहे. वधू प्रोटेस्टंट घरातली, वर ऑर्थोडॉक्स. त्याआधी मला खोली वापरण्याचे नियम नव्याने लिहायचे आहेत, आणि एखादी गोष्ट का फिरवतात हे कळल्याशिवाय ती कशी फिरवावी हे मला लिहिता येत नाही.

आपली भेट कधी झालेली नाही. पत्ता बाबांकडून घेतलेला नाही.

आपली भाची


१० फेब्रुवारी

लाडक्या भाचीस,

'आदरणीय' वाचून मी मागे वळून पाहिलं, मदर सुपिरिअर उभ्या आहेत की काय म्हणून.

तुझं पत्र सुईसारखं आहे. सरळ, चकचकीत, आणि कुठे टोचलं ते नंतर कळतं. घरी तुला काय म्हणतात मला ठाऊक नाही. मी सुई म्हणणार. तुझं सहावं कलम मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. एका सिस्टरला ठसका लागला, तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

आता वजन. अगं, तुमच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात वजनकाटा नाही? दिवसभर माणसं तोलता, एक मूर्ती तोलता येत नाही? म्हणजे वजन हे निमित्त आहे. असू दे. तुझ्या घरून तीस वर्षांत निमित्तसुद्धा आलं नव्हतं. वर्षाला एक कार्ड येतं, त्यावर तुझ्या बापाची सही आणि खाली कोरी जागा.

मूर्ती का? तुझ्याच दवाखान्यातलं सांगते. एखाद्याचं मोठं ऑपरेशन झालं. माणूस बरा होऊन घरी गेला, हिंडू-फिरू लागला. पण पोटावरचा व्रण तसाच. रोज कपडे बदलताना बायकोला तो दिसतो, आणि काय काय झालं होतं ते तिला आठवतं. म्हणून ती नवऱ्याला मेलेला समजते का? नाही ना? आम्ही त्या बायकोसारख्या. तो उठला, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण काय सोसून उठला, ते नजरेआड होऊ द्यायचं नाही.

आता माझं एक काम कर. त्या एक्स-रेवाल्यांना विचार, त्यांना क्रूस रिकामा का लागतो. वाद घालायला नको. नुसतं विचार आणि मला कळव. मला हे केव्हापासून विचारायचं आहे. ज्याला विचारायचं, तो माझा धाकटा भाऊ उठून त्यांच्याकडेच गेला, मग विचारणार कोणाला?

तो कसा आहे? चष्म्याची भिंगं घासतो का अजून?

आणि वधू कोण? आणि आत्याला 'तुम्ही' कोण म्हणतं गं?

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वजन केलं. अकरा किलो चारशे. वजनकाटा होता.

एक्स-रेकाकांना विचारलं. दोन पेशंटच्या मध्ये वेळ मिळाला. ते म्हणाले, "क्रूस रिकामा, कारण तो तिथे नाही. कबरही रिकामी, क्रूसही रिकामा. काम पुरं करून गेला माणूस. गेलेल्या पाहुण्याच्या चपला दारात ठेवून तो अजून आत बसलाय, असं कशाला भासवायचं?"

मी त्यांना तुमचं व्रणाचं उत्तर सांगितलं. त्यांनी एक जुनी फिल्म उजेडावर धरली. हात मोडून कधीच जुळलेला होता, तरी हाडावर रेघ होती. म्हणाले, "सिस्टरचं अगदीच चूक नाही. रेघ राहते. पण मी पेशंटला सांगतो, रेघेकडे बघत बसू नका, हात हलवा."

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी वाद घातला नाही.

औषधभांडारात एक गृहस्थ आहेत, ते चौथ्याच पंथाचे. प्रार्थनाखोलीत कधी येत नाहीत. त्यांच्या मते येशू देवाचा पुत्र आहे, देवाने सर्वांत आधी निर्माण केलेला, पण स्वतः देव नाही. आणि त्याला मारलं ते आडव्या फळीच्या क्रूसावर नाही, नुसत्या उभ्या खांबावर. गुरुवारी ते वंगणाच्या डब्याची सही घ्यायला आले आणि दारातच थांबले. क्रूस अजून अर्ध्यावरच आहे. समोरून फक्त उभं लाकूड दिसतं. म्हणाले, "आता बरोबर दिसतोय. दुरुस्त करू नका." मग स्वतःच इतके हसले की सही राहिली.

मी सगळ्यांना एक प्रश्न सारखाच विचारला: येशू कोण? औषधवाल्यांचं उत्तर वेगळं होतं, ते वर लिहिलं. बाकी तिन्ही पंथांच्या माणसांनी एकच सांगितलं: खरा देव आणि खरा माणूस, दोन्ही पूर्ण. मला वाटलं होतं, इतकी वर्षं वेगळे राहतात म्हणजे फरक पायात असणार. पाया एकच निघाला. फरक वरच्या मजल्यांवर आहे: त्याला कसं पाहायचं, तो आता कुठे भेटतो, उपासनेत वाटतात त्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं काय होतं.

शेवटचं मला समजलेलं नाही. एक्स-रेकाका म्हणतात, भाकर ही आठवण आहे, ती भाकरच राहते. तुमच्याकडे ती खरोखर येशूचं शरीर होते. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आत्याला विचार, त्या भाकरीच्या चकत्या तीच भाजते," आणि पुन्हा भिंगाकडे वळले. तर प्रश्न असा: ती होते कधी? भट्टीत की नंतर?

बाबा बरे आहेत. भिंगं घासतात, पण आता फक्त सकाळी. आई म्हणते, त्यांच्या लग्नाला तुम्ही आला नव्हता. कारण दोघंही सांगत नाहीत.

वधू इथलीच कर्मचारी आहे.

'तुम्ही' ही माझी सवय आहे.

आपली भाची


२६ फेब्रुवारी

सुई गं,

'भट्टीत की नंतर' वाचून मी भट्टीलाच विचारलं. ती म्हणाली, माझ्यावर आळ नको.

आमचं काम बघ. गव्हाचं पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. मीठसुद्धा नाही. पातळ भिजवायचं, दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये ओतून दाबायचं, कागदासारखा पापुद्रा निघतो. तो लगेच कापला तर मोडतो, म्हणून दमट खोलीत ठेवून मऊ करायचा. मग साच्याने गोल चकत्या कापायच्या. इथवर ते पीठ आणि पाणीच. मी त्या सांडते, झाडते, वर बसले तरी पाप नाही. त्या चकत्या मिस्सेला जातात, फादर येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात, आणि तिथून पुढे तो स्वतः. दिसायला चकती, चवीला चकती, पण तो. कसा, ते मला विचारू नकोस. मी चाळीस वर्षं चकत्या करते, तरी मिस्सेत ती घेताना अजून आधी डोळे मिटते. यंत्राचं असतं तसं याचं चित्र काढून दाखवता येत नाही.

गोल कापून झाले की उरतात ते काठ. जाळीसारखे, कुरकुरीत. आम्ही लहान असताना शाळा सुटली की सगळी पोरं मठाच्या मागच्या दाराशी रांग लावायची. सिस्टर मूठ मूठ काठ वाटायच्या. तुझा बाप दोनदा रांगेत यायचा, दुसऱ्यांदा टोपी उलटी घालून. सिस्टरांना कळायचं, त्या द्यायच्या.

सात-आठ वर्षांचा असेल. एकदा फादर तिथे उभे होते. याने तोंडात काठ भरलेले असतानाच विचारलं, "फादर, चकतीत येशू येतो, मग काठात का नाही येत? पीठ तर तेच." बघ, तुझा प्रश्न कुठून आलाय ते. फादर हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कान पिळला. पुढे वीस वर्षांनी याला तुझी आई भेटली. तिच्या मंडळीत असे प्रश्न विचारले तर लोक खुर्ची पुढे ओढतात. याला उत्तर पटलं की मुलगी पटली, मला आजवर कळलेलं नाही.

लग्नाच्या दिवशी मला ताप होता. कडक. त्यापुढे काही सांगण्यासारखं नाही.

ती जी इथलीच कर्मचारी आहे, ती लिफ्ट, दारं आणि पंप सांभाळते का गं?

तुझी आत्या


१२ मार्च

प्रिय आत्या,

होय. वधू मी आहे.

पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुम्ही प्रश्नाचं उत्तर द्याल की लग्नाचं, हे मला माहीत नव्हतं.

तो डायलिसिस विभागात तंत्रज्ञ आहे. त्याच्या यंत्रांना लागणाऱ्या पाण्याचा दाब एकदा खाली आला. त्याने फोन केला, मी पंप बघायला गेले. दोष पंपात नव्हता, त्याच्या गाळणीत होता. त्याने लगेच कबूल केलं. तंत्रज्ञांमध्ये हे दुर्मीळ आहे.

लग्न प्रार्थनाखोलीत का, ते सांगते. त्यांच्या चर्चमध्ये भिंतीभर चित्रं आहेत, तिथे आमच्या मंडळीतले निम्मे लोक नजर खाली घालून बसतील. आमच्या सभागृहात त्यांचे फादर त्यांच्या रीतीप्रमाणे वधू-वरांच्या डोक्यावर मुकुट ठेवू शकणार नाहीत. रुग्णालयातली खोली कोणाचीच नाही. दोन्ही बाजूंच्या परवानग्या मिळायला नव्या लिफ्टपेक्षा जास्त वेळ लागला.

आता तिसरं उत्तर. ते तुम्हाला आवडेल असं वाटतं. त्याच्या आई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. शनिवारी घडीच्या स्टँडवर चित्र मांडतात त्या त्याच. त्यांच्याकडे मूर्ती नसते, रंगवलेलं चित्र असतं. त्या चित्रात येशू क्रूसावर नाही आणि कबरीतून वर येतानाही नाही. तो खाली उतरलाय, मेलेल्यांच्या जगात. पायांखाली तिथली दोन दारं मोडून पडलेली. कड्या, कुलपं, किल्ल्या अंधारात विखुरलेल्या. दारं माझा विषय आहे. बिजागऱ्या बरोबर रंगवल्या आहेत.

दोन्ही हातांनी तो एका म्हाताऱ्याला आणि एका म्हातारीला ओढून काढतोय. आदाम आणि हव्वा. त्याने त्यांचे हात धरलेले नाहीत, मनगटं धरली आहेत. मी विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "हातात हात असेल तर दोघांनी घट्ट धरावं लागतं. त्यांच्यात धरायची ताकद उरलेली नाही. म्हणून मनगट. आता सुटलं तर त्याच्याच हातून सुटेल, आणि तो सोडत नाही."

त्यांच्या भाकरीत खमीर असतं. फुगलेली भाकर म्हणजे जिवंत, उठलेला. तुमची बिनखमिराची, कारण शेवटचं भोजन वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत झालं आणि तेव्हा घरात खमीर नसायचं. यावरून दोन्ही बाजूंनी हजार वर्षं वाद घातला, असं सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आत्याला विचार, पीठ कुठल्या गिरणीचं घेतात."

माझा होणारा नवरा मला विचारतो, या सगळ्यात तू काय मानतेस? मी सांगते, तपासणी चालू आहे. हे मी टाळण्यासाठी म्हणत नाही. लहानपणापासून ज्याच्यासमोर प्रार्थनेला बसले, त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहते आहे.

आता मुद्दा. त्याच्या बाजूने चाळीस माणसं येणार. आईच्या बाजूने मामा-मावश्या. बाबांच्या बाजूने कोणी नाही. त्यांनी मला काही म्हटलेलं नाही. पण आईने पाहुण्यांची नावं मोजली तेव्हा ते उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तुम्ही लग्नाला यावं असं मला वाटतं.

आपली भाची


२० मार्च

सुई,

मनगटाचं वाचताना एक घाणा करपला. सिस्टर विचारतात, लक्ष कुठे आहे. मी म्हटलं, खाली, मेलेल्यांच्या जगात. पीठ आमच्याच मळ्यातल्या गव्हाचं, सासूबाईंना सांग. हवं तर पाठवते, त्यांनी खमीर घालावं.

तुझं लग्न. देव तुमचं भलं करो. गाळणीचा दोष कबूल करणारा नवरा सोडू नकोस.

मी येऊ शकत नाही.

तू कारण विचारशीलच, म्हणून लिहिते. तुझा बाप त्या मंडळीत गेला तेव्हा तुझ्या आजीने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली: त्यांच्या उपासनेत पाय ठेवणार नाहीस. मी ठेवलेला नाही. आमचे आताचे फादर म्हणतात, असली शपथ देव मोजत नाही, खुशाल जा. चांगले आहेत, पण ते माझ्या आईला ओळखत नव्हते. देव सोडवेल मला, पण शपथ जिने घातली तिने सोडवायला हवं होतं, आणि ती तर गेली.

तुझ्या त्या क्रूसासारखी मीही अर्ध्यावर अडकले आहे, असं लिहिणार होते. फार नाटकी झालं असतं, म्हणून खोडलं. आता बघ, लिहिलंच.

वाईट वाटून घेऊ नकोस. मागच्या खेपेलाही तापामुळे राहिलं. माझ्या नशिबात तुमच्या घरची लग्नं नाहीत.

आत्या


११ एप्रिल

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. आधी काम संपवायचं होतं.

क्रूस दुरुस्त झाला. बेअरिंग बदललं, खीळ नवी केली. दोन बदल केले. एक मूठ काढून टाकली. यापुढे सौजन्य एका वेळी एकानेच करायचं. दुसरं, तळपट्टीवर खीळ अडकवायला दोन भोकं होती, मूर्ती पुढे आणि रिकामी बाजू पुढे. मी अर्ध्यावर तिसरं पाडलं. तिथे क्रूस लावला की डावीकडच्या खुर्च्यांना मूर्ती दिसते, उजवीकडच्यांना रिकामा क्रूस, आणि मध्ये बसणाऱ्याला उभं लाकूड. लग्नाला क्रूस तसा राहील. एक्स-रेकाकांना विचारलं, ते म्हणाले, "मिस्सावाल्यांना चालत असेल तर आमची हरकत नाही." मिस्सेच्या काकांना विचारलं, त्यांनीही नेमकं तेच म्हटलं. औषधवाले म्हणाले, प्रार्थनेला येणार नाहीत, नंतर जेवायला येतील, पण मधली खुर्ची कोणाला दिली ते कळवा.

तुझं शेवटचं पत्र मी बाबांना दाखवलं. तू 'दाखवू नकोस' असं लिहिलं नव्हतं.

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "ताप? कसला ताप? समोरच्या पोस्टाच्या पायरीवर उभी होती ती. सुरुवातीच्या गीतापासून शेवटच्या प्रार्थनेपर्यंत. हातात कागदी पिशवी. मला खिडकीतून दिसत होती."

आई म्हणाली, "मला कधी सांगितलं नाहीत!"

"काय सांगू? नवरीशेजारी उभा राहून मी रस्त्याकडे बघत होतो, हे?"

मी विचारलं, बाहेर का गेला नाहीत? म्हणाले, "गेलो असतो तर लोकांना वाटलं असतं, नवरा पळाला. संपल्यावर गेलो, तर पायरी रिकामी." मग बराच वेळ फडक्याने तेच एक भिंग पुसत बसले. "आईने शपथ मलाही घातली होती. मी मोडली. ताईने पाळली. पाळून जेवढं जवळ येता येतं तेवढी आली. तीस वर्षं मला तेवढं पुरलं. आता नाही पुरत."

पिशवीत काय असेल असं मी विचारलं. ते म्हणाले, "काठ. दुसरं काय असणार?"

यानंतर मी खोलीची पुन्हा मापं घेतली.

प्रार्थनाखोलीचं पुढचं दार व्हरांड्यात उघडतं. दोन पल्ले आहेत, दोन्ही बिजागऱ्यांवरून उतरवता येतात. दारं माझ्याकडे आहेत, परवानगी मलाच द्यायची होती, दिली. नऊ मेला तिथे दार नसेल, फक्त उंबरा असेल. उंबऱ्याच्या आतला भाग उपासनेची खोली आहे. बाहेरचा व्हरांडा रुग्णालयाचा आहे, तिथे आजीच्या शपथेचा काही संबंध येत नाही. उंबऱ्याला लागून बाहेर खुर्ची ठेवली तर माझ्या जागेपासून ती आतल्या पहिल्या रांगेपेक्षाही जवळ पडते, कारण मुकुटांचा विधी आम्ही दाराजवळ करतोय. सासूबाईंनीच सुचवलं. त्यांच्या फादरांना त्यांनी सांगितलं की उजेड तिथे चांगला आहे.

त्या खुर्चीवर मी स्वतः बसून पाहिलं. दार डाव्या अंगाला आहे. तिथून मूर्ती दिसते.

शपथ सुटली असं मी म्हणत नाही. ते ठरवणं माझं काम नाही. तुला आत यावंसं वाटलं तर आत, पहिल्या रांगेत डावीकडे जागा आहे. नाही वाटलं तर बाहेर. बाबांना विचारलं, तुमची खुर्ची कुठे ठेवू? ते म्हणाले, "तिची असेल तिथे." मी म्हटलं, वधूचे वडील व्हरांड्यात बसलेले बरे दिसतील का? ते म्हणाले, "मुलीला दाराशी सोडायचंच असतं. मी तिथेच बसून घेईन."

तीनही पंथांची माणसं त्या दिवशी एकत्र प्रार्थना करतील, पण एकमेकांच्या भाकरीला हात लावणार नाहीत. तसा नियम आहे, तो मी बदलू शकत नाही. काठांना मात्र कोणताच नियम नाही, हे मी सगळ्यांना विचारून घेतलं आहे. औषधवाल्यांनाही. त्यामुळे पिशवी आणलीस तर या खेपेला मोठी आण. बाबा दोनदा रांगेत येतील.

खुर्च्या मांडणारी माणसं दोन आठवडे आधी नकाशा मागतात. तुझी खुर्ची उंबऱ्याच्या आत ठेवू की बाहेर, एवढं शनिवार, २५ एप्रिलपर्यंत कळव.

तुझी
सुई